'चुलीपुढे बसतं कोण?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, दोन ओळींत उत्तर दिलं असतं तर ते उडवाउडवीचं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहितोय. घरात दार आणि धुराडं असलेली नवी लोखंडी चूल बसवल्याचं मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गॅस असताना लाकडं जाळायची ही पुरुषी हौस. धुराडं लावलं म्हणून धूर संपत नाही, तो शेजाऱ्याच्या दारात जातो. सरकारने वाटलेल्या निर्धूर चुलींचं काय झालं ते आम्ही पाहिलंय. झाडं तुटतात ती वेगळीच. आणि सगळ्यांत झोंबलं ते हे, की 'एवढ्या मोठ्या लेखात चुलीपुढे बसतं कोण, हे कुठेच नाही.'

झोंबलं तिथूनच सुरुवात करतो. आमच्याकडे चुलीपुढे कुणी बसत नाही, कारण बसायची सोयच ठेवलेली नाही. चूल आणण्याआधी बायकोने दोन अटी घातल्या: खाली वाकून फुंकणी फुंकणार नाही, आणि गॅस घरातून जाणार नाही. गवंड्याचं म्हणणं, चूल म्हणजे जमिनीलगतच हवी. तिने उभं राहून कमरेशी हात धरला आणि तेवढाच कट्टा झाला. जळण फोडणं, सकाळी पेटवणं, राख काढणं माझ्याकडे. भाकरी तिच्याकडे, कारण माझी थापतानाच फाटते. चहा, फोडणी, आमटी गॅसवर. चुलीवर अंघोळीचं पाणी, भाकरी आणि हरभऱ्यासारखं वेळ खाणारं शिजणं. आम्ही सातारा जिल्ह्यात मेढ्याच्या वरच्या अंगाला राहतो. आषाढात लाइट गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो, गिझर तेव्हा भिंतीवर शोभेला उरतो. हौस म्हणायची तर म्हणा, पण पावसाळ्यात सगळ्या घराला गरम पाणी मिळतं ते या हौसेतून.

बंद तोंडाच्या चुलीवर भाकरी कसली होणार, असंही तुम्ही विचारलंय. होते. तव्यावर दोन्ही अंगं झाली की दार उघडायचं, उलथन्याने निखाऱ्यांचा आर पुढे ओढायचा आणि त्याच्यासमोर भाकरी उभी धरून फिरवायची. धुराडं चांगलं तापलेलं असेल तर दार उघडं असूनही धूर खोलीत येत नाही, उलट खोलीतली हवा आत ओढली जाते. खात्री करायची तर दारासमोर पेटती उदबत्ती धरा. तिचा धूर आडवा होऊन आत वळला पाहिजे. धुराडं गार असेल तर तोच धूर तुमच्या तोंडावर येतो. म्हणून आमच्याकडे आधी पाणी तापतं आणि भाकरी शेवटी.

आता धुराचं. इथे तुमचं निम्मं बरोबर आहे. धुराडं धूर जाळत नाही, तो फक्त बाहेर नेतं. धूर जाळायचा असतो तो चुलीच्या पोटात. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी जातं, मग अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास त्यातून वायू सुटायला लागतात. लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता या वायूंत असते. त्यांना पुरेशी हवा आणि धग मिळाली तर त्यांचाच जाळ होतो. नाही मिळाली तर तेच वायू धूर होऊन वर जातात आणि वाटेत नळीच्या आतून काजळी आणि डांबर होऊन बसतात. म्हणजे धूर दिसला की आपलंच जळण वाया चाललंय असं समजायचं.

हे बिघडतं मुख्यतः ओल्या जळणाने. नुकत्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे ०.७ युनिट विजेएवढी उष्णता लागते, आणि ती सगळी तुमच्या पातेल्याला न मिळता आकाशात जाते. आम्ही बाभूळ आणि सुबाभूळ होळीच्या आधी फोडून रचतो. फोडूनच, कारण सालीतून पाणी फारसं निघत नाही, फाकलेल्या अंगातून आणि टोकांतून निघतं. वरून पत्रा, बाजू मोकळ्या, खाली दगड. चैत्र-वैशाखाचं ऊन खाल्लेली दोन लाकडं एकमेकांवर आपटली की खणखणीत वाजतात. ओलं लाकूड भद्द वाजतं, आणि चुलीत घातलं की त्याच्या टोकाला फेस येऊन ते चरचरतं.

पेटवायची पद्धतही मला नव्याने शिकावी लागली. आपण खाली काटक्या आणि वर लाकूड रचतो. मी आता उलटं करतो: जाड लाकडं खाली, बारीक वर, सगळ्यांत वर मूठभर चिपाड, आणि काडी वरून लावायची. जाळ वर असल्याने खालून निघणारा धूर त्यातूनच जातो आणि जळतो. पावसाळी सकाळी नळीत गार हवेचा बुच बसलेला असतो, तेव्हा नळीच्या बुडाशी ठेवलेल्या सफाईच्या झाकणातून उसाच्या पाचटाची एक पेटती मूठ आधी आत सारायची. ओढ सुरू झाली की नळी घुमायला लागते, मग चूल पेटवायची.

जुनी माणसं सांगतात, जाळ पुरवून पुरवून वापरावा. या चुलीत ते चालत नाही. नवं लाकूड घालून हवा आत सोडणारी पट्टी बंद केली की ते धुमसत राहतं, आणि धुमसण्यातून काजळी होते, शिवाय वास नसलेला, रंग नसलेला कार्बन मोनॉक्साइडही. जाळ कमी हवा असेल तर लाकूड कमी घाला, हवा नव्हे. याच कारणाने निखाऱ्यांची शेगडी भरून बंद खोलीत झोपायला नेऊ नका, कितीही थंडी असो.

नळीच्या सांध्याची गोष्ट मूळ लेखात राहून गेली होती. फॅब्रिकेटर कौलांसारखी वरची नळी खालचीवर चढवायला निघाला होता, पाऊस आत जाऊ नये म्हणून. मी उलटं बसवून घेतलं, वरची नळी खालचीच्या आत. नळीत डांबरी काळं पाणी सुटतं, ते आतल्या आत खाली उतरून जळून जावं, सांध्यातून भिंतीवर ओघळू नये. पावसासाठी वर टोपी आहेच. छपराच्या वाशांपासून आणि रिपांपासून मात्र नळी निदान दीड फूट लांब हवी. जिथे ती कौलांतून बाहेर पडते तिथे भोवती लाकूड नाही, पत्रा आहे. तोंड आढ्यापेक्षा वर काढलंय, नाहीतर वारा धूर उलटा लोटतो. यात काटकसर करू नये, घरं यातूनच पेटतात.

सरकारी चुलींबद्दल आपलं एकमत आहे, कारण मात्र मी वेगळं लावतो. ऐंशीच्या दशकात देशभर निर्धूर चुलींचा कार्यक्रम सुरू झाला, २००२ मध्ये केंद्राने तो राज्यांवर सोपवला. चुली आल्या, पण नळी साफ करायची असते हे किती घरांना कुणी दाखवलं? बारीक नळी, त्यात ओलं जळण, काजळीने घसा आवळला की धूर घरात. मग बायका तीन दगडांवर परत गेल्या, यात त्यांचं काय चुकलं? चूल देऊन काम संपत नाही. जळण वाळवायचं कसं, पेटवायचं कसं, नळी झाडायची कधी, हे सोबत दिलं नाही तर चांगली चूलही अडगळच होते.

आणि हो, गॅस लाकडापेक्षा स्वच्छ आहे, याबद्दल वाद नाही. घरातल्या धुराने २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तान्हं मूल किंवा दम्याचं माणूस घरात असेल तर मी स्वतः चूल सुचवणार नाही. माझ्या धुराड्यातूनही पेटवतानाची पहिली काही मिनिटं धूर निघतो, तो कुणाच्या तरी नाकात जाणारच.

झाडांचं गणित असं. १४.२ किलोच्या सिलिंडरएवढी उष्णता भांड्याला द्यायला चांगल्या चुलीत शंभरेक किलो कोरडं लाकूड लागतं, तीन दगडांच्या चुलीत त्याच्या जवळपास दुप्पट. आमचं जळण बांधावरच्या सुबाभळीच्या फांद्यांतून निघतं, ती तोडली की पुन्हा फुटते. आंबा, फणस, जांभूळ, हिरडा तोडायला १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते, आणि अभयारण्यातली काटकीसुद्धा आम्ही आणत नाही. तुमच्या सांगलीकडे तर पाचट फडातच पेटवून देतात. त्याच पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेला २००२ मध्ये ब्रिटनमधला शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला होता. जळणाचा विषय निघालाच आहे तर त्या बाजूने जरूर बघा.

शेवटी तुम्ही उपरोधाने विचारलंय, 'मग आम्हीही बसवावी का?' नको. सांगलीत विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहता असं तुम्हीच लिहिलंय. नळी वरच्या मजल्यांच्या खिडक्यांसमोरून गच्चीच्याही वर न्यावी लागेल, त्यात दोन-तीन वळणं येतील आणि प्रत्येक वळणाला काजळी बसेल. जळण वाळवायला अंगण नाही. सोसायटी आधी भांडेल आणि तिचं बरोबर असेल. तुमच्याकडे गॅसच ठेवा.