शब्दांचे कूळ आणि शब्दांचे दार

महाराष्ट्रात सरकारी मराठीवर वाद सुरू झाला की तो बहुधा शब्दांच्या कुळावर येऊन थांबतो. फारसी शब्द काढावेत, संस्कृतातून नवे घडवावेत, की रुळलेले इंग्रजी तसेच ठेवावेत? शिवकाळातील राजव्यवहारकोशापासून हा प्रश्न आपल्यासोबत आहे. इंग्लंडमध्ये राहून हा वाद वाचताना मला वाटते की, शब्द कोठून आला यापेक्षा तो कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर उभे करतो, हे आधी पाहायला हवे.

पोलिसांच्या कागदात ‘सदर इसम संशयितरीत्या मिळून आला’ असे वाक्य हमखास भेटते. घरी कोणताही हवालदार असे बोलत नाही. तसे लिहिता येणे ही त्याच्या खात्यातली ओळख आहे. ‘इसम’ खोडून ‘व्यक्ती’ लिहिले तरी वाक्याचा खाकी गणवेश काही उतरत नाही.

इंग्लंडमधील दिवाणी न्यायालयांनी १९९९ साली नियमांसोबत शब्दही बदलले. सामान्य पक्षकाराला कामकाज कळावे म्हणून दावा लावणाऱ्या ‘प्लेंटिफ’चा ‘क्लेमंट’ झाला आणि दावा सुरू करणाऱ्या ‘रिट’च्या जागी ‘क्लेम फॉर्म’ आला. तरीही बॅरिस्टर, म्हणजे मुख्यतः न्यायालयात बाजू मांडणारा वकील, परंपरेने समोरच्या बॅरिस्टरला ‘माय लर्नेड फ्रेंड’ म्हणतो आणि सॉलिसिटरला, म्हणजे मुख्यतः पक्षकाराचे कागदोपत्री काम पाहणाऱ्या वकिलाला, नुसते ‘माय फ्रेंड’. दोन शाखांमधला दर्जा त्या एका विशेषणात मावतो. तिथल्या शल्यविशारदांची तऱ्हा तर आणखी गमतीची आहे. पूर्वी ते विद्यापीठाची पदवी न घेता उमेदवारी करून तयार होत, म्हणून त्यांना ‘मिस्टर’ म्हणत. आज ते आधी रीतसर डॉक्टर होतात आणि शल्यविशारदांच्या रॉयल कॉलेजची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुन्हा अभिमानाने ‘मिस्टर’ होतात. नवख्या रुग्णाला ही पदावनतीच वाटावी!

असल्या बिरुदांनी फारसे कोणाचे बिघडत नाही, त्यामुळे ती राहिली तरी माझी हरकत नाही. व्यवसायातील नेमके शब्दही मी काढायला सांगणार नाही. सातबाऱ्यावरील ‘पोटखराबा’ हा तलाठ्यासाठी आटोपशीर आणि अचूक शब्द आहे, आणि त्याच्या जागी संस्कृत जोडशब्द बसवल्याने खातेदाराच्या ज्ञानात काडीची भर पडणार नाही. मात्र खातेदाराच्या हाती पडणाऱ्या उताऱ्यावर, हे क्षेत्र लागवडीयोग्य धरलेले नाही, एवढी एक ओळ छापण्यासाठी कोणताही शब्दकोश बदलावा लागत नाही.