गादी दाबून बघितली, रजिस्टर नाही

‘याला ठाण्याला भरती करा’ हा विनोद अख्ख्या महाराष्ट्रात चालतो. आम्ही ठाण्यातच राहणारे. दादाला बायपोलर असल्याचं कळल्यापासून आमच्या घरात तो कुणी तोंडातून काढला नाही. 1901 सालचं ते सरकारी मनोरुग्णालय घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. पण 2022 मध्ये दादाचं हाताबाहेर गेलं (चार रात्री झोप नाही, पहाटे तीनला सोसायटीच्या ग्रुपवर व्हॉइस नोट्स, वहिनीच्या बांगड्या गहाण), तेव्हा ‘तिथे नको हं’ असं आम्ही सगळे एका सुरात म्हणालो आणि त्याला घोडबंदर रोडच्या बाजूला एका खासगी केंद्रात नेलं. नाव लिहीत नाही, कमेंटमध्ये विचारू नका.

रिसेप्शनवर माशांची टाकी. दिवसाला साडेतीन हजार, जेवण धरून. मी खोली बघितली, गादी दाबून बघितली, बाथरूमचा नळ सोडून बघितला. रात्री ड्युटीवर कोण असतं, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही. सात ठिकाणी सह्या केल्या, त्यातल्या दोन कागदांवर तारीख कोरी होती. ‘नंतर भरतो मॅडम.’ आणि निघताना मीच सांगितलं, ‘पंधरा दिवस त्याला फोन देऊ नका, भंडावून सोडेल आम्हाला.’ हे त्यांनी नाही, मी सांगितलं. पोस्ट लिहायला इतकी वर्षं लागली ती बरीचशी या एका वाक्यामुळे.

अकराव्या दिवशी भेट मिळाली. स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करणारा माझा भाऊ कुणाच्या तरी पोपटी टीशर्टमध्ये बसला होता. चहाचा कप उचलताना बाही वर सरकली. मनगटाला तपकिरी वळ, कडेने कातडी सोलवटलेली. दुसऱ्या हातालाही.

‘ओढणीने बांधतात,’ तो म्हणाला. ‘रात्री वॉर्डबॉय मामा एकटेच असतात गं. दोन मजले बघायचे. करणार काय ते तरी?’

तक्रार करत नव्हता तो. मामांची बाजू मांडत होता.

सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, ‘त्यांच्याच सेफ्टीसाठी हो ताई.’ कुठे लिहून ठेवलंय का? ‘रजिस्टर सरांच्या कपाटात असतं.’ सर शनिवारी येणार होते. तो मंगळवार होता.

परतताना टीएमटीच्या बसमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर मानसिक आरोग्यसेवा कायदा वाचला. 2017 चा कायदा, 2018 पासून लागू. कलम 97 मध्ये सगळं लिहिलेलं आहे. तातडीचा धोका टाळायला दुसरा काही उपायच नसेल तरच बांधायचं, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरताच वेळ. का बांधलं, कसं, किती वेळ, याची नोंद करायची. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला, 24 तासांच्या आत कळवायचं. माणसं कमी आहेत म्हणून बांधायचं नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. कागदोपत्री ती प्रतिनिधी मीच होते! अकरा दिवसांत मला एक फोन आला होता, ॲडव्हान्स संपल्याचा.

आणि मी जो फोन बंद करायला लावला, तो वाजवी वेळी करायचा-घ्यायचा हक्क कलम 26 ने दादाला दिलाय. अंगात स्वतःचे कपडे घालायचा हक्क कलम 20 ने.

6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका केंद्राला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही, 28 जण गेले. तीही खासगी जागाच. आता कायद्याने साखळी बंद आहे, पण ओढणीला कुणी साखळी म्हणत नाही.

सगळी खासगी केंद्रं अशी नसतात, माहीत आहे. पुढच्या वेळी दादाला नवी मुंबईत ठेवलं. तिथे नर्सिंग स्टेशनवर रजिस्टर होतं, विचारल्यावर सिस्टरने निमूटपणे पुढे सरकवलं. खोली साधी, बिलही कमी. पण कुठलं केंद्र कसं निघेल हे नशिबावर सोडायचं म्हणजे काय? नोंदणीशिवाय केंद्र चालवलं तर पहिल्या वेळेचा दंड 5,000 ते 50,000 रुपये. खालचा आकडा दादाच्या दोन दिवसांच्या बिलाहून कमी आहे. रात्रीसाठी आणखी एक माणूस ठेवायचा तर त्याचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. धंदेवाला माणूस काय निवडेल, तुम्हीच सांगा.

अशा तक्रारी ऐकायला याच कायद्याने नेमलेल्या पुनरावलोकन मंडळाकडे आम्ही तक्रार केली का? नाही. वहिनी म्हणाली, पोरीचं लग्न व्हायचंय. दादा म्हणाला, मामांची नोकरी जाईल. मला दोन्ही कारणं पटली नाहीत, तरी गप्प बसले. केंद्र आमच्यासारख्यांच्याच जिवावर चालतं, कारण घरच्यांनाही आत काय चाललंय ते फारसं बघायचं नसतं. दार बंद झालं की पहिल्या रात्री शांत झोप लागते. मला लागली होती.

दादा आता बरा आहे, गोळ्या वेळेवर घेतो. गेल्या दिवाळीनंतर त्याने स्वतःच कायद्याची माहिती काढली आणि प्रतिनिधी नेमायचा कागद लिहिला. त्याला स्टॅम्प पेपरही लागत नाही, साध्या कागदावर लिहून सही केली की झालं. वहीचं पान फाडून, तारखेसकट, निळ्या पेनने लिहिलंय. नाव माझं नाही. कळव्याच्या त्याच्या मित्राचं आहे, जो तेव्हा दर रविवारी केंद्राच्या गेटपर्यंत येऊन ‘भेट बंद आहे’ ऐकून परत जायचा.