हेस्टमांडन: वाफेवर चालतं ठेवलेलं युद्धस्मारक

युद्धात माल वाहिलेलं जहाज जतन करायचं असेल तर ते चालतं ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. लढाऊ जहाज धक्क्याला बांधून ठेवलं तरी त्याच्या तोफा बघून लोकांना त्याचं काम कळतं. मालवाहू जहाजाचं तसं नसतं. त्याचं सगळं काम खाली भट्टीसमोर आणि इंजिनाशी चालायचं. ती भट्टी थंड झाली की उरतो नुसता लोखंडी पेटारा. नॉर्वेच्या 'हेस्टमांडन'ची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते.

जहाज १९११ चं, बर्गनजवळच्या लाक्सेवोगच्या गोदीत बांधलेलं. मालक वेस्टेरोलन्स कंपनी, म्हणजे १८९३ मध्ये हुर्टिगरुटन ही किनारी बोटसेवा सुरू करणारे रिचर्ड वित यांचीच. उत्तर नॉर्वेत आर्क्टिक वृत्तावर घोडेस्वारासारखा दिसणारा हेस्टमन्नेन डोंगर आहे, त्याचं नाव जहाजाला मिळालं. लांबी सुमारे ६० मीटर, ७५५ ग्रॉस टन. ग्रॉस टन हे वजन नसून जहाजाच्या आतल्या जागेचं माप आहे: एक टन म्हणजे १०० घनफूट. म्हणजे आत सगळी मिळून जेमतेम २,१४० घनमीटर जागा. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लिबर्टी जहाज सुमारे १३५ मीटर लांब आणि ७,००० ग्रॉस टनांच्या वर होतं. हेस्टमांडन त्यापुढे किती लहान ते यावरून कळेल. एवढंसं जहाज दोन्ही महायुद्धांतून तरलं.

पहिल्या महायुद्धात नॉर्वे तटस्थ होता, तरी त्याचे सुमारे २,००० खलाशी समुद्रात मृत्यू पावले. तटस्थतेचा झेंडा पाणसुरुंगाला वाचता येत नाही. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवरच हल्ला केला, तेव्हा देशाची सुमारे १,००० व्यापारी जहाजं परदेशी पाण्यात होती. नॉर्वेच्या सरकारने ती ताब्यात घेतली आणि लंडनमधून त्यांचा कारभार सुरू झाला. हीच ती नॉरट्राशिप, त्या काळातली जगातली सर्वांत मोठी जहाज कंपनी. युद्ध संपेपर्यंत त्या ताफ्यातली जवळपास निम्मी जहाजं बुडाली. टँकरांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, कारण ब्रिटनचं तेल त्यांनी आणलं. हेस्टमांडनसारख्या किनारी बोटी मात्र तळटीपेत जातात, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

अशा बोटीचं काम समजून घ्यायचं तर आधी कोळशाचा हिशेब मांडावा लागतो. त्या काळच्या तीन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनात वाफ आधी उच्च दाबाच्या, मग मधल्या, मग सर्वांत मोठ्या कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये जाते. एका अश्वशक्तीला तासाला साधारण पाऊण किलो कोळसा लागतो. इंजिन ५०० अश्वशक्तीचं धरलं, तर तासाला पावणेचारशे किलो आणि दिवसाला नऊ टन. हा सगळा कोळसा फावड्याने भट्टीत टाकायचा, त्याआधी कोठीतून भट्टीपर्यंत ओढून आणायचा, राख वर काढून टाकायची. चार तासांच्या पाळीत निदान एका भट्टीची जाळी साफ करावी लागते. जळक्या कोळशाचा चिकट खंगर सळ्यांना धरून बसतो, हवा कोंडते आणि वाफेचा दाब उतरतो. दाब उतरला की वेग गेला, वेग गेला की जहाज एकत्र जाणाऱ्या जहाजांच्या काफिल्याच्या मागे पडलं, आणि मागे पडलेलं जहाज पाणबुडीच्या तोंडी. घाईने एकदम जास्त कोळसा टाकला तर काळा धूर उठतो आणि मैलोगणती अंतरावरून सगळा काफिला दिसतो. आगवाल्याच्या फावड्यावर काय काय अवलंबून होतं ते यात आलं. आणि तो आगवाला जलरेषेच्या खाली उभा असायचा, वर जायला एक उभी शिडी.

त्यात चुंबकीय सुरुंग. लोखंडी जहाज बांधताना ज्या दिशेला तोंड करून उभं असतं, त्यानुसार त्यात चुंबकत्व मुरतं. जहाज वरून गेलं की तळाशी पडलेला सुरुंग ते ओळखून फुटतो. उपाय म्हणून मोठ्या जहाजांना चारी बाजूंनी तारेचा वेढा देऊन त्यात कायम वीज सोडत. लहान बोटीच्या डायनामोत दिव्यांपुरताच जोर. तिथे बंदरात जाड केबलमधून मोठा प्रवाह सोडून ती केबल जहाजाच्या अंगावरून वर ओढत, म्हणजे चुंबकत्व तात्पुरतं पुसलं जाई. इंजिनाच्या थरथरीने आणि लाटांच्या माराने ते काही महिन्यांत परत येई. वेळेवर पुन्हा पुसून घेतलं नाही, तर आधी केलेलं सगळं फुकट.

युद्ध संपल्यावर जे झालं ते नॉर्वेला शोभणारं नव्हतं. ब्रिटिश खलाशांपेक्षा नॉर्वेच्या खलाशांचा युद्धभत्ता जास्त होऊ नये म्हणून फरकाची रक्कम नॉरट्राशिपच्या गुप्त निधीत ठेवली होती. खलाशी समजून होते की ती आपली आहे, शांतता झाली की मिळेल. मिळाली नाही. १९५४ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात हरले. १९७२ मध्ये संसदेने युद्धकाळातल्या दर महिन्यामागे १८० क्रोनर मंजूर केले, तोवर कितीतरी जण गेले होते. झोप उडणं, दचकणं, दारूच्या आहारी जाणं हे त्रास युद्धामुळे झाले हे मान्य व्हायलाही दशकं लागली. सरकारने माफी मागितली २०१३ मध्ये.

जहाजाचीही तीच तऱ्हा. पन्नाशीच्या दशकात ते विकलं गेलं, नाव 'वेगाफ्योर्ड' झालं, मग कामाविना गंजत पडलं. जुन्या जहाजांच्या हौशी जाणकारांनी ते सत्तरच्या दशकाअखेरीस भंगारातून सोडवलं. पुढे ते युद्धखलाशांचं राष्ट्रीय स्मारक ठरलं आणि २०११ मध्ये, शंभराव्या वर्षी, पुन्हा उभं राहिलं. आता त्याचं घर क्रिस्टियानसांड, आणि पोटात युद्धखलाशांचं संग्रहालय.

दुरुस्तीत खरी परीक्षा रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या जाड लोखंडी खिळ्यांची, असते. पडून राहिलेलं जहाज सगळीकडे सारखं गंजत नाही. बॉयलरखालचा ओला-गरम भाग, जलरेषेचा पट्टा, तळाच्या सिमेंटखालची जागा आणि कोळशाची कोठी आधी जाते. ओल्या कोळशातलं गंधक आम्ल होऊन पत्रा खातं. अशा ठिकाणी नवा पत्रा वेल्डिंगने बसवावा हा मोह मोठा असतो, कारण स्वस्त आणि झटपट. पण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा पत्रा फुगतो, आकसतो आणि जुने रिव्हेट ढिले होऊन गळू लागतात. एक भोक बुजवताना दहा उघडतात. जुन्या पत्र्यावर दुसरा पत्रा चिकटवला तर मध्ये पाणी अडकून गंज आतून वाढतो. बरोबर पद्धत जुनीच: रिव्हेट पिवळा होईपर्यंत तापवायचा, भोकात घालायचा, एकाने मागून जड लोखंड दाबून धरायचं, दुसऱ्याने हातोड्याने डोकं घडवायचं. थंड होताना रिव्हेट आखडतो आणि दोन्ही पत्रे आवळून धरतो. मग पत्र्याची कड ठोकून बंद करायची, प्रत्येक डोक्यावर हातोडी वाजवायची. खणखणीत वाजला तर बसला, भदभद वाजला तर काढून नवा. क्रिस्टियानसांडच्याच ब्रेदाल्सहोल्मेन गोदीने ही कारागिरी जिवंत ठेवली आहे, आणि माझ्या मते जहाजाइतकंच ते काम मोलाचं आहे.

बॉयलरही घाई सोसत नाही. वर पाणी उकळायला आलं तरी तळाचं गारच असतं. भराभर पेटवला तर वरचा भाग प्रसरण पावतो, खालचा नाही, आणि नळ्यांची टोकं सुटतात. म्हणून सावकाश, चोवीस तास धरूनच चालायचं. हे सगळं माणसांनी शिकत राहायचं तर जहाज निघालं पाहिजे. खर्च परवडत नाही म्हणून बांधून ठेवा, असं सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की काम बंद पडलं की ते येणारी माणसं पाच-दहा वर्षांत संपतात, आणि नंतर पैसा असूनही उपयोग नसतो.

याच समुद्रांवर आपली माणसंही होती. ब्रिटिश जहाजांवर रत्नागिरीचे खलाशी डेकवर, गोव्याचे लोक खानपानाला. मुंबईत मशीद बंदरला भारतीय खलाशी गृहात त्यांचं स्मारक आहे. १९३९-४५ च्या नोंदीत सुमारे ६,५०० नावं आहेत, बहुतेक व्यापारी जहाजांवरची. घरातलं कुणी त्या काळी बोटीवर जाऊन परतलं नसेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. मात्र इंग्रज कारकुनांनी कानाला लागेल तसं स्पेलिंग लिहिलंय. आडनावाच्या जागी वडिलांचं नाव असू शकतं. जहाजाचं नाव ठाऊक असेल तर त्यावरून शोधा, ते जास्त लवकर हाती लागतं.