गांगवॉन (दक्षिण कोरिया) गोल्फ सहल: आपल्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

मुंबईहून आलेल्या आपल्या चौघांच्या गटाचा अभिप्राय वाचला. कॅडीचे (खेळाडूंच्या बॅगा सांभाळणाऱ्या मदतनीस बाईचे) दीड लाख वॉन आयत्या वेळी रोख मागितले, कार्ट (मैदानावर फिरायची छोटी गाडी) चालवू दिली नाही, कॅडी उद्धट होती आणि सारखी घाई करत होती, गवत पिवळं होतं, शाकाहारी जेवणात मासळी निघाली, असं आपण लिहिलंत.

पैसे आणि जेवण, या दोन्हींत चूक माझी. इथे कॅडीचे पैसे क्लबच्या बिलात धरत नाहीत. खेळ झाल्यावर चौघांनी मिळून तिच्या हातात द्यायचे असतात. कोटेशनमध्ये मी ‘कॅडी वेगळी’ एवढंच लिहिलं, आकडा घातलाच नाही. ते १ लाख ५० हजार वॉन मी आपल्याला परत करते आहे. बिबिंबापमध्ये (भाज्या घातलेल्या कोरियन भातात) मांस नको, हे मी क्लबच्या स्वयंपाकघरात सांगितलं होतं. पण सोबतचं सूप सुक्या मासळीच्या पाण्यात करतात, हे इतकी वर्षं इथे राहून मला सुचायला हवं होतं. शाकाहारी माणसाच्या पोटात ते गेलं, याची भरपाई पैशाने होत नाही. मनापासून माफी मागते.

कार्टचं मात्र वेगळं आहे. गांगवॉन म्हणजे डोंगरच डोंगर, आणि हे मैदान उतार कापून टप्प्याटप्प्याने बसवलेलं. इथली विजेवरची कार्ट वाटेखाली पुरलेल्या तारेच्या मागावर चालते, तिचा रिमोट कॅडीकडे असतो. पाहुण्यांनी ती चालवायची नसतेच.

आपल्याकडे क्लबात प्रत्येकाला आपापला कॅडी मिळतो. इथे एकटी बाई चौघांच्या बॅगा सांभाळते, अंतर सांगते, ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) चेंडू पुसून रेषेत लावून देते, झाडीत गेलेला चेंडू शोधायला चढण चढते. मागचा गट सात-आठ मिनिटांवर असतो. त्यात आपला टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, दुपारी १२.१० चा. नोव्हेंबरात इथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, डोंगराआड त्याच्याही आधी जातो. अठरावं, म्हणजे शेवटचं, होल आपल्याला उजेडात खेळता यावं, एवढ्यासाठी तिची धावपळ चालली होती. चेंडू ओबी (हद्दीबाहेर) गेल्यावर त्याच होलवर पुढे आखलेल्या खास टीवरून (फटका मारायच्या जागेवरून) चौथा फटका मारा, असं तिने सांगितलं तेही म्हणूनच. इथे ती रोजची पद्धत आहे.

फेअरवेवरचं (टी ते ग्रीनमधल्या पट्ट्यावरचं) झोयशिया जातीचं गवत थंडीत पिवळं पडतं. आमच्या पानावरचे फोटो जूनचे आहेत, त्यांखाली आता महिना लिहिते.

तारे दोनच राहू द्या, ते माझ्या कामाचे आहेत. फक्त ‘कॅडी उद्धट’ हे शब्द काढावेत, ही विनंती. तेराव्या होलच्या उतारावर आपल्यातले थोरले काका घसरले होते ना? त्या रात्री तिने मला मेसेज करून विचारलं होतं, त्यांचा गुडघा आता कसा आहे.

आपली,
सहलीची आयोजक, चुनचॉन