खुलासा : गोल्फमधील ‘बर्डी’ आणि न मेलेला पक्षी

साताऱ्यातील काही व्हॉट्सॲप गटांत फिरणाऱ्या एका संदेशात म्हटले आहे की, चेंडू लागून पक्षी मेल्यामुळे गोल्फमध्ये ‘बर्डी’ हा शब्द आला आणि हरलेल्याने द्यायच्या न्याहारीला ‘फ्राइड एग’ म्हणतात. दोन्ही विधाने चुकीची आहेत. एखाद्या होलसाठी, म्हणजे चेंडू एका खड्ड्यात घालण्यासाठी, ठरलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे ‘पार’पेक्षा, एक फटका कमी लागला की ‘बर्डी’ होते. अमेरिकी बोलीत पूर्वी उत्तम गोष्टीला ‘बर्ड’ म्हणत, त्यावरून हा शब्द रुळला आणि पुढे दोन कमीला ‘ईगल’, तीन कमीला ‘अल्बट्रॉस’ अशी पाखरांची रांगच लागली. ‘फ्राइड एग’ म्हणजे वाळूत अर्धवट रुतलेला चेंडू, जो वरून खरोखरच गाडीवरच्या हाफ फ्रायसारखा दिसतो. एका होलला लागलेल्या आठ फटक्यांना ‘स्नोमॅन’ म्हणतात, हे मात्र संदेशात बरोबर आहे. फक्त तो बर्फाचा माणूस इंग्रजी आकड्यात दिसतो, आपल्या ८ मध्ये कितीही शोधला तरी सापडणार नाही. ‘गोल्फ’ हे ‘जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’चे लघुरूप असल्याची शेवटची ओळ निव्वळ थाप आहे, कारण धनुर्विद्येचा सराव मागे पडू नये म्हणून स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये केलेल्या बंदीच्या कायद्यातही खेळाचे हे नाव आढळते.