वळीव म्हणे पाहुणा!

आंबे उतरायला लागले की आमच्या कोकणातल्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. कोणी लिहिलाय ठाऊक नाही, पण लिहिलाय ठणकावून. गडगडाट, वादळी वारा आणि विजा हे घाटावरचं दुखणं, आपल्याकडची वीज समुद्र ओढून घेतो. तापलेली जमीन पहिलं पाणी पिऊन टाकते, पूर येतो तो आषाढात. मिरगाआधीचा, म्हणजे मृग नक्षत्राआधीचा पाऊस पाहुणा, आला तसा जातो. हवामान खात्याचे यलो, ऑरेंज, रेड इशारे म्हणजे रंगपंचमी. आणि फारच कडाडलं तर मोबाईल बंद करा, झालं!

रंगपंचमीवर मीही हसलो. बाकीचं मात्र एकेक करून तपासायला हवं, कारण हा मेसेज वाचून माणसं निवांत होतात, आणि तेही नेमकी सगळी बाहेर असतात त्या महिन्यात.

समुद्र वीज ओढून घेतो, हे उलटं आहे. विजा समुद्रापेक्षा जमिनीवरच जास्त पडतात. मे महिन्यात दुपारी जमीन तापते, खारा वारा ओल घेऊन आत शिरतो, सह्याद्रीला धडकून वर चढतो आणि दहा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. त्या उंचीवर बर्फाचे कण एकमेकांवर आपटतात आणि त्यातून विजेचा भार साठतो. वरच्या थरातला वारा पूर्वेचा असला की घाटमाथ्यावर तयार झालेला ढग संध्याकाळी आपल्या डोक्यावर येतो. आषाढातले ढग एवढे उंच नसतात. आठ-आठ दिवस झड लागते तेव्हा वीज कितीदा कडाडते, आठवून बघा. विजेचा धोका आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात असतो. ऐन पावसाळ्यात तो त्यामानाने कमीच.

वाऱ्याचंही तेच. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला जाहिरातीचा अवाढव्य फलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि १७ माणसं गेली, ती अशाच वळवाच्या वावटळीत. मुंबई काही घाटावर नाही.

आता जमीन पाणी पिते, हा मुद्दा. यात अर्धं खरं आहे, म्हणून तो जास्त धोक्याचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं ते आषाढातच. नदी शहरात शिरायला भिजलेली जमीन, भरलेली पात्रं आणि दिवसरात्र पाऊस लागतो, आणि मे महिन्यात तसं सहसा होत नाही. पण व्हाळाला आणि पऱ्याला, म्हणजे आपल्या ओढ्या-नाल्यांना, एवढी तयारी लागत नाही. त्यांना एक तास पुरतो.

हिशोब करू. आपले सडे म्हणजे कातळ, वरचा जांभा उन्हाने कडक झालेला. समजा व्हाळाच्या डोक्यावर दोन चौरस किलोमीटर सडा आहे आणि तासाभरात ५० मिलीमीटर पाऊस कोसळला. म्हणजे दहा कोटी लिटर पाणी. निम्मं जमिनीने प्यायलं असं धरू, मेसेजवाल्यांचा मान राखून. उरलं पाच कोटी. मे महिन्यात वाडीवर येतो तो टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर हे पाच हजार टँकर झाले. तासाभरात ओतायचे तर मिनिटाला ऐंशीच्या वर! ज्या वाडीत एका टँकरसाठी हंड्यांची रांग लागते तिच्याच व्हाळातून हे पाणी जाणार.

आणि जाणार कुठून? पात्रात वर्षभराचा पाला, प्लास्टिक, कोणाच्या तरी घराच्या बांधकामाचा राडारोडा. साकवाखाली आणि रस्त्याच्या मोरीत तो अडकला की पाणी तुंबतं, मग एकदम फुटतं. खाडीला भरती असेल, त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, तर खालचं तोंडही बंद. शिवाय आपल्याकडे नद्या आखूड. डोंगरात कोसळलेलं पाणी बघता बघता खाली पोचतं, आणि खाली पोचतं तेव्हा आपल्या डोक्यावर ऊनही असू शकतं. कोंडीत, म्हणजे नदीच्या डोहात पोहणाऱ्या पोरांना वरचा पाऊस दिसत नाही. वाहतं पाणी अचानक गढूळ झालं, पाचोळा आणि काटक्या यायला लागल्या, की कपडे गोळा करत न बसता वर चढायचं. लग्नाच्या गाड्या कोरड्या पात्रात लावायची पद्धतही मला पटत नाही, पण ते बोललं की मी शुभकार्यात विघ्न आणतो.

मिरगाआधीचा पाऊस पाहुणा? २०२५ साली २५ मे रोजी मान्सूनच देवगडपर्यंत पोचला, मिरगाला दोन आठवडे बाकी असताना. दुसऱ्या दिवशी तो मुंबईत होता, एरवी तिथली तारीख ११ जून. आगोटीची म्हणजे पावसाळ्याची बेगमी, शाकारणी, होड्या वर ओढणं, सगळं नक्षत्र बघून ठरवणाऱ्यांची त्या वर्षी त्रेधा उडाली.

इशारे चुकतात, हो. पण चुकणं म्हणजे काय ते बघा. इशारा जिल्ह्याला असतो आणि वळीव दोन-चार गावांपुरता. रत्नागिरी जिल्ह्याला यलो मिळाला, राजापुरात धो धो पडला आणि गुहागरात ऊन, तर गुहागरकर म्हणणार खातं खोटं. यलो म्हणजे ‘पडणारच’ नव्हे, ‘लक्ष ठेवा’. कुठल्या गावात, किती वाजता, हे आदल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. ते रडार बघून पुढच्या तीन तासांपुरतं सांगतात. माझी तक्रार वेगळी आहे. तो तीन तासांचा निरोप आमच्या ग्रुपवर येतो तेव्हा त्यातले दोन संपलेले असतात.

मोबाईल वीज ओढत नाही. उलट तो चालू हवा, कारण पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजा त्यावरच दाखवतं. वीज ओढतो तो उघड्या सड्यावरचा एकटा माणूस, आंब्याचं उंच कलम आणि त्याच्या फांदीवर चढलेला गडी. नुसता गडगडाट ऐकू आला तरी आपण टप्प्यात आलो.

बागांतले नेपाळी राखणदार तर पत्र्याच्या खोपीतच झोपतात आणि आमच्या ग्रुपवर त्यांच्यातलं कोणीच नाही. आमच्या बागेतल्या दोघांच्या फोनवर यंदा ‘दामिनी’ टाकून दिलंय. वाजलं की फांदीवरून उतरायचं, आंबे काढायचा झेला तिथेच टाकायचा आणि सरळ घरात यायचं. पडवीत नाही, आत. पहिल्या दिवशी दोघं दारातच संकोचून उभे राहिले, तेव्हा आईने त्यांना हाताला धरून माजघरात बसवलं.