किशोरकुमार एकटाच धुडगूस घालत नव्हता

4 ऑगस्ट, म्हणजे किशोरकुमारचा वाढदिवस, जवळ आला की तोच एक मजकूर मोबाईलवर येऊन आदळतो. थोडक्यात असा: किशोरने विनोदी सिनेमे केले ते इन्कम टॅक्स वाचवायला, 'चलती का नाम गाडी' पडावा म्हणूनच काढला होता, चुकून चालला, या सिनेमांत किशोरचा वेडेपणा आणि त्याची गाणी सोडली तर काही नाही, बाकीचे नट भरतीचे, आणि 'आराधना'च्या (1969) गाण्यांनी नाव होण्याआधी त्याला विचारत होतं कोण? यंदा हा मजकूर माझ्या मामाने पाठवला. ही सगळी गाणी मी ज्याच्या टेपरेकॉर्डरवर ऐकली तोच मामा. तेव्हा उत्तर देणं आलं.

आधी टॅक्सचं. आयकर खात्याशी किशोरची कटकट होती, हे खरं आहे. पण सिनेमा पाडायचाच असेल तर माणूस काय करेल? स्वस्तातला दिग्दर्शक घेईल, कसलीही गाणी कोंबेल. 'चलती का नाम गाडी'ला (1958) दिग्दर्शक होते 'जागृती'वाले सत्येन बोस, संगीत सचिनदेव बर्मन यांचं, गीतं मजरूह सुलतानपुरींची. नायिका मधुबाला, थोरल्या भावाच्या भूमिकेत साक्षात अशोककुमार, खलनायक के. एन. सिंग, आणि एका नाचाला कक्कू आणि हेलन दोघी. तोट्यात जाण्याची ही तयारी असेल तर नफ्याची कशी असते ते कुणीतरी सांगावं. किस्सा मजेदार आहे म्हणून टिकला, एवढंच.

आता 'बाकीचे भरतीचे'. माझं खरं भांडण इथे आहे.

हेच 'चलती'तलं पावसाच्या रात्रीचं गॅरेज आठवा. गाडी बंद पडलेली, मधुबाला भिजलेली, आणि किशोर पाने-हातोड्यांवर ताल धरून 'एक लडकी भीगी भागी सी' म्हणतोय. गाण्याची चाल एका अमेरिकन गाण्यावरून सुचलेली आहे, ते असो. मधुबाला करते काय? जवळजवळ काहीच नाही. केस निपटते, बघते, चिडायचं की हसायचं हे तिचं ठरत नाही. तिचं ते दाबलेलं हसू काढून टाका, मग किशोरचे चाळे नुसते चाळे उरतील. गवयामागे तबल्यावर नुसता ठेका धरून त्याला उठाव देणारा साथीदार ज्याने मन लावून ऐकला असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. पुढे ती मजुरीचे पाच रुपये बारा आणे न देताच निघून जाते आणि सगळी गोष्ट त्या उधारीवर चालते. अशोककुमारचा ब्रिजमोहन बायकांच्या नावाने बोटं मोडणारा मुष्टियोद्धा. हा माणूस पूर्ण गंभीर राहतो म्हणून धाकट्यांची चोरटी धावपळ हसवते. तिसरा भाऊ अनूपकुमार तर कायमच विसरला जातो. बिचारा.

'हाफ टिकट' (1962) घ्या. तिकिटाचे पैसे पुरत नाहीत म्हणून एक बाप्या लहान मुलगा बनून अर्ध्या तिकिटावर मुंबईला निघतो, आणि त्याला नकळत हिरा त्याच्याच खिशात येतो. मागे लागतो प्राण. 'आके सीधी लगी दिल पे' हे गाणं बायकी आणि पुरुषी दोन्ही आवाजांत किशोरनेच गायलंय, ही माहिती त्या मजकुरात असते. पडद्यावर पुरुषाचा वाटा कोण म्हणतंय हे मात्र त्यात नसतं. प्राण! ज्याला पाहून त्या काळी प्रेक्षकांच्या अंगावर काटा यायचा, तो बायकी वेशातल्या किशोरसमोर लाडात येऊन नाचतो. दुसरा कुणी विनोदी नट तिथे असता तर अर्धी गंमत गेली असती.

आणि 'पडोसन'मध्ये (1968) तर किशोरच साथीला आहे! नायक भोला म्हणजे सुनील दत्त, नायिका सायरा बानो. किशोर हा भोलाचा गुरू विद्यापती, सोबत मुक्री, केश्टो मुखर्जी, राज किशोर अशी टोळी आणि समोर मेहमूदचा मास्टर पिल्लई. ('एक चतुर नार'चा मूळ मुखडा अशोककुमारने 1941 च्या 'झूला'त म्हटलेला.) या गाण्यातल्या किशोरबरोबरच्या जुगलबंदीत मेहमूदसाठी गाणारे मन्ना डे हरतात, पण ते असे पक्के गवई नसते, तर त्यांना हरवण्यात मजा काय राहिली असती? 'प्यार किये जा'मध्येही (1966) किशोर आहे, पण लोकांना आठवतो तो ओमप्रकाशला भुताच्या सिनेमाची गोष्ट ऐकवणारा मेहमूद. त्या भूमिकेसाठी त्याला फिल्मफेअरही मिळालं.

गाण्यांचं म्हणाल तर ती काही किशोरच्या घशातून आपोआप उगवत नव्हती. 'आशा'मधलं (1957) 'ईना मीना डीका' आपल्या सी. रामचंद्र यांचं, आणि त्यातलं 'माका नाका' त्यांच्या गोव्याच्या सहायकाच्या कोंकणीतून आलं असं सांगतात. शिवाय पडद्यावर किशोर आणि आवाज दुसऱ्याचा, असंही झालंय: 'रागिणी'त 'मन मोरा बावरा' त्याच्यासाठी गायलंय मोहम्मद रफींनी. 'शरारत'मध्येही 'अजब है दास्ताँ तेरी' रफींचंच.

एक कबूल करतो. 'मिस्टर एक्स इन बॉम्बे', 'श्रीमान फंटूश' असले सिनेमे आज गाणी पुढे ढकलत बघावे लागत नाहीत, गाण्यांपुरतेच बघावे लागतात.

राहिला 'आराधना'. 1969 च्या आधी या माणसाच्या नायिका होत्या वैजयंतीमाला, नूतन, मीनाकुमारी, माला सिन्हा, मधुबाला. कुणी विचारत नसताना?

मामा, रविवारी 'पडोसन' लाव. 'मेरे सामनेवाली खिडकी में' सुरू झालं की या वेळी किशोरकडे बघू नकोस, त्याच्या आजूबाजूला दाटीवाटीने बसलेल्या मंडळींकडे बघ.